गार्ड कुणी काढलं?

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर. मोटारींचे सुटे भाग बनवणारी प्रेसशॉप महाराष्ट्रात जिथे जिथे आहेत, तिथे अपघातानंतरचा चौकशी अहवाल बहुधा एकाच साच्यातला असतो. वेळ, शिफ्ट, मशीनचा नंबर, जखमी कामगाराचं नाव, कुठली बोटं गेली ते. मग ‘अपघाताचे कारण’ असा रकाना आणि त्यात एक ओळ : कामगाराने सुरक्षा साधन काढून काम केल्यामुळे. किंवा नुसतंच, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. त्यापुढे ‘केलेली उपाययोजना’ आणि खाली लिहिलेलं : कामगारांना समज देण्यात आली.

सुरक्षेच्या कायद्याचं पुस्तक उघडून बसलं, तर ही ओळ त्यात कुठे बसतच नाही. तरीही ती गावोगावच्या औद्योगिक वसाहतींत वर्षानुवर्षं लिहिली जाते, वाचली जाते, फायलीत लागते. त्या कायद्याच्या मजकुरातून ती निघत नसेल, तर येते कुठून, याचा माग काढण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आधी मशीनबद्दल सांगायला हवं. यांत्रिक पॉवर प्रेसच्या माथ्याशी एक जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. ऑपरेटर पायाखालचं पेडल दाबतो, क्लचची चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि रॅम खाली येतो. खाली डाय, डायवर पत्र्याचा तुकडा. ठोका बसला की रॅम वर जातो, तयार जॉब काढायचा, नवा तुकडा ठेवायचा, पुन्हा पेडल. एका तासात हे शेकडो वेळा. चावीचा क्लच असलेल्या जुन्या प्रेसची एक खोड आहे. रॅम एकदा सुटला की पूर्ण फेरी घेतल्याशिवाय थांबत नाही. मध्येच हात सापडला, कुणी ओरडलं, कुणी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तरी फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती रॅमला खाली आणतेच. दुसरी खोड याहून वाईट. चावी झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर पेडलला पाय न लावताही रॅम पुन्हा एकदा खाली येतो. ऑपरेटरचा हात तेव्हा जॉब काढायला डायमध्ये गेलेला असतो.

हात तिथे जाऊच नये यासाठीचे उपाय जुने आणि माहितीतले आहेत. डायभोवती पक्की जाळी, जिच्यातून पत्रा सरकेल पण बोट जाणार नाही. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय न सुटणारा रॅम. हवेवर चालणारा घर्षणाचा क्लच आणि त्याच्यासोबत प्रकाशकिरणांचा सेन्सर : हात आडवा आला की रॅम जागच्या जागी थांबतो. या शेवटच्या उपायाबाबत एक प्रकार सर्रास आढळतो. सेन्सर बसवलेला असतो, त्याचा दिवा लागतो, ऑडिटच्या फोटोत तो दिसतो. पण प्रेस मात्र चावीच्या क्लचचाच असतो. सेन्सरने हात ओळखला तरी अर्ध्यावर आलेला रॅम थांबवण्याची सोय त्या मशीनमध्ये मुळातच नाही. ‘सुरक्षा साधन उपलब्ध आहे काय?’ या प्रश्नापुढे मात्र ‘होय’ अशी खूण झालेली असते.

आता कायदा. कारखाने अधिनियम, १९४८, जो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्याचं कलम २१ यंत्रांना कुंपण घालण्याबद्दल होतं. यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग भक्कम बांधणीच्या संरक्षक साधनांनी बंदिस्त हवा, आणि तो भाग चालू असताना किंवा वापरात असताना ती साधनं सतत सुस्थितीत आणि जागेवर असली पाहिजेत, असं ते सांगतं. इथे दोन वेगवेगळी कर्तव्यं आहेत. गार्ड पुरवणं हे एक. चालत्या मशीनवर ते जागेवर असणं हे दुसरं. स्टोअरमध्ये गार्ड आहे, त्याचं बिल आहे, कामगाराची सही आहे, यातून पहिलं कर्तव्य फार तर पुरं होतं. दुसरं कर्तव्य प्रत्येक ठोक्याला नव्याने लागू होतं. म्हणून अपघातानंतर ‘गार्ड कुणी काढलं?’ असं विचारणं म्हणजे कायद्याचा प्रश्न बदलणं होय. कायदा विचारतो, गार्ड नसताना मशीन चाललंच कसं?

यंत्राला कुंपण घालण्याची ही सक्ती आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या काळात, १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातही ती होती. ती किती कडक आहे, हे इंग्लंडमधल्या एका निकालातून दिसतं. १९५५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे जॉन समर्स विरुद्ध फ्रॉस्ट हा खटला आला. धार लावण्याच्या फिरत्या दगडात एका कामगाराचा अंगठा सापडला होता. कंपनीचं म्हणणं, दगड पूर्ण झाकला तर त्यावर काम कसं करायचं? न्यायाधीशांनी सांगितलं की कायद्याने सुरक्षित कुंपण मागितलं आहे. त्यामुळे मशीन वापरता येत नसेल, तर तो कुंपण न घालण्याचा बचाव होऊ शकत नाही. असा नियम अडचणीचा ठरत असेल, तर तो बदलण्याचं काम संसदेचं.

कामगाराची जबाबदारीच नाही, असं मात्र कायदा म्हणत नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कलम १११ प्रमाणे सुरक्षेसाठी पुरवलेल्या साधनाशी जाणूनबुजून छेडछाड करायला कामगाराला मनाई होती. कलम ९७ प्रमाणे त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. पण याच ९७ व्या कलमाचा पुढचा भाग सहसा कुणी वाचून दाखवत नाही. कामगार दोषी ठरला तरी, तो प्रकार टाळण्यासाठी सगळे वाजवी उपाय योजण्यात मालक कमी पडला असं सिद्ध झालं, तर मालकाची सुटका नाही. आता शॉप फ्लोअरवर पाहा. गार्ड एका डायसाठी बनवलेलं, आज लागलेली डाय दुसरीच. गार्ड लावलं तर जॉब निघत नाही. तासाचं टार्गेट गार्ड काढूनच गाठता येतं आणि फळ्यावर रोज गाठलेलं दिसतं. दोन बटणांपैकी एक खुंटी ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं, तीही इतकी जुनी की तिच्यावर ग्रीसचा थर बसलेला. सुपरवायझर दिवसातून दहा वेळा त्या मशीनजवळून जातो. अशा ठिकाणी ‘कामगाराने काढले’ हे वाक्य खरं असलं तरी त्याने मालकाचा बचाव होत नाही. उलट, ते इतके दिवस सगळ्यांना दिसत होतं, याचाच तो पुरावा ठरतो.

मग मालकांपर्यंत कायदा पोचतो तो कुठल्या रूपात? छोट्या कारखानदाराने मूळ कलमं क्वचितच वाचलेली असतात. बऱ्याचदा तो स्वतः कधी काळी फिटर किंवा टर्नर होता. बँकेचं कर्ज आहे, गिऱ्हाईक कंपनी दरवर्षी भाव कमी करायला लावते, पेमेंट वेळेवर येत नाही. त्याला कायदा भेटतो तो कन्सल्टंटच्या तोंडून. आणि कन्सल्टंटला विचारला जाणारा प्रश्न बहुधा असा असतो की कमीत कमी काय केलं म्हणजे भागेल? उत्तरात मिळतात रजिस्टरं, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सह्या, हेल्मेट घातलेल्या कामगारांचे फोटो, प्रवेशद्वारावर फलक. यातली एकही गोष्ट वाईट नाही. वाईट हे की रॅमखालच्या त्या वीतभर जागेत यातलं काहीच पोचत नाही. हे मालक क्रूर असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांना कायद्याचा जो अर्थ विकत मिळतो, तो खटल्यापासून वाचवणारा असतो, अपघातापासून वाचवणारा नव्हे, आणि बहुतेकदा तो खटल्यापासूनही वाचवत नाही.

का वाचवत नाही, ते समजायला १९८७ सालापर्यंत मागे जावं लागेल. भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरात घडली. वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या अखेरीस सांगितलं की घातक उद्योग चालवणाऱ्याची भरपाईची जबाबदारी निरपवाद आहे. आम्ही काळजी घेतली होती, ही सबब चालणार नाही. पाठोपाठ कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि १ डिसेंबर १९८७ पासून ती अमलात आली. तिने दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, जबाबदार माणूस कोण. कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो भोगवटादार, आणि कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच एक जण भोगवटादार मानला जाईल, असं दुरुस्तीने ठरवलं. तोवर अनेक कंपन्या एखाद्या मॅनेजरचं नाव ठरावाने पुढे करत. म्हणजे तुरुंगात जायची वेळ आलीच तर पगारी नोकर जाईल. या दुरुस्तीला आव्हान दिलं गेलं आणि जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार संचालकच असेल, अधिकारी किंवा कर्मचारी नाही. ज्याच्या हातात पैसा खर्च करण्याचा शेवटचा अधिकार, त्याच्याच डोक्यावर सुरक्षेची शेवटची जबाबदारी, असा त्यामागचा विचार. कलम १०१ ची वाट खुली राहिली : खरा गुन्हेगार दुसरा आहे हे दाखवायचं असेल तर आपण पुरेशी दक्षता घेतली होती आणि हे आपल्या नकळत, संमतीशिवाय घडलं, हे भोगवटादाराने सिद्ध करायचं. ग्रीस बसलेल्या त्या खुंटीसमोर हे सिद्ध करणं किती अवघड आहे ते सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट कलम ७ क. ‘वाजवीपणे शक्य असेल तितपत’ प्रत्येक कामगाराची सुरक्षितता आणि आरोग्य राखणं हे भोगवटादाराचं सर्वसाधारण कर्तव्य झालं. त्यात सुरक्षित यंत्र आलं, काम करण्याची सुरक्षित पद्धत आली, माहिती, प्रशिक्षण आणि देखरेखही आली. मालकांच्या बैठकांत या कलमातला ‘वाजवीपणे शक्य’ एवढाच भाग मोठ्याने वाचला जातो आणि त्याचा अर्थ ‘परवडेल तेवढं’ असा लावला जातो. हा शब्दप्रयोग इंग्लंडच्या कायद्यातून आला आहे आणि तिथे त्याचा अर्थ १९४९ सालीच लागला होता. कोळशाच्या खाणीतल्या वाटेची कड ढासळून एडवर्ड्स नावाचा कामगार गेला. खाण मंडळ म्हणालं, सगळ्या वाटांना टेकू देणं परवडणारं नाही. अपील न्यायालयाने मोजमापाची पद्धत घालून दिली. एका बाजूला धोका ठेवा, दुसऱ्या बाजूला तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. खर्च धोक्याच्या तुलनेत अतिशय विषम ठरला, तरच मालकाला माफी. आणि तो हिशेब मालकानेच मांडायचा, तोही अपघाताआधी. आपल्या १९८७ च्या दुरुस्तीने कलम १०४ क मध्ये हेच ओझं मालकावर टाकलं. शक्य नव्हतं, किंवा शक्य ते सगळं केलं होतं, हे ज्याच्यावर आरोप आहे त्याने सिद्ध करायचं. एका प्रेसचा क्लच बदलायचा खर्च आणि एका माणसाचा उजवा हात, हे पारड्यात घालून पाहिलेला हिशेबाचा कागद किती कारखान्यांच्या फायलीत सापडेल?

हाताची किंमत मात्र कायद्याने दुसरीकडे लिहून ठेवली आहे. कामगार नुकसान भरपाईचा कायदा १९२३ चा, तोही नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी आणि समोर कमाईची क्षमता किती टक्के घटली ते आकडे आहेत. पूर्ण अंगठा गेला तर ३०. तर्जनी संपूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. मधलं बोट संपूर्ण, १२. एका हाताची चारही बोटं, ५०. ही यादी मी प्रत्येक वेळी वाचतो तेव्हा ज्याचं सगळं काम बोटांच्या चिमटीत आहे अशा माणसाचा विचार मनात येतो. प्रेसशॉपमध्ये तर्जनीशिवायच्या हाताला पुन्हा ऑपरेटर म्हणून कुणी घेत नाही. मग तो झाडू मारतो, पॅकिंगला बसतो किंवा गावी परततो. त्याची कमाई चौदा टक्के घटली असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. न्यायालयाला हे पूर्वीच दिसलं होतं. प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची अक्षमता शंभर टक्के, हा भरपाई आयुक्तांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. परिशिष्टातला आकडा ही तळाची पायरी आहे, छत नव्हे. वाटाघाटीच्या टेबलावर मात्र तो छत म्हणूनच वापरला जातो.

याच १९२३ च्या कायद्यात ‘निष्काळजीपणा’च्या त्या ओळीचं मूळ सापडतं. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं नसेल, आणि इजा कामगाराने सुरक्षा साधन जाणूनबुजून काढल्याने किंवा दुर्लक्षिल्यानेच झाली असेल, तर मालकाला भरपाई लागू होत नाही, असा अपवाद त्यात होता. बोट जाणं हे ना मृत्यू, ना संपूर्ण अपंगत्व. म्हणून अहवालात ती ओळ हवी असते. भरपाईच्या कायद्यातला बचाव उचलून सुरक्षेच्या कायद्याखालच्या अहवालात ठेवला जातो, आणि दोन्ही कायदे एकच असल्यासारखे वाचले जातात. हळूहळू लिहिणाऱ्याचाही त्यावर विश्वास बसतो.

आणखी एक जागा आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये अपघातात मृत्यू झाला तर किमान २५,००० रुपये आणि गंभीर शारीरिक इजा झाली तर किमान ५,००० रुपये दंड ठरवला होता. ‘गंभीर इजा’ म्हणजे काय हे तिथेच सांगितलं होतं, आणि त्यातून हाताच्या किंवा पायाच्या बोटाचं एकच हाड मोडणं वगळलं होतं. एकापेक्षा जास्त हाडं मोडली तर ती गंभीर इजा. प्रेसवर सर्वांत जास्त जे जातं, नेमकं तेच या व्याख्येच्या कडेवर उभं आहे. डॉक्टरच्या कागदावर किती हाडं लिहिली जातात, याला मग महत्त्व येतं.

तसंच ४८ तासांचं. अपघातानंतर कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर निरीक्षकाला कळवणं त्या अधिनियमाने बंधनकारक होतं. हात बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणून गेटजवळच्या खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची, म्हणजे तो ‘कामावर’ आहे. औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या कुणालाही विचारा, त्याने हे पाहिलेलं असतं. कामावर परतणं याचा अर्थ आपल्या नेहमीच्या कामाला पुन्हा लागणं असाच घ्यावा लागतो. दुसरा अर्थ घेतला तर तरतुदीला काही उद्देशच उरत नाही. कागद मागाहून जुळवण्याचा प्रकार इतरत्रही दिसतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातल्या बोटं गमावलेल्या कामगारांसोबत काम करते. कित्येकांना ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड अपघात झाल्यावरच मिळालं, हे तिच्या अहवालांत पुन्हा पुन्हा आलं आहे.

हे कामगार बहुतेक ठेकेदाराचे. ‘तो आमचा माणूस नाही’ हा आणखी एक लोकप्रिय अर्थ. कारखाने अधिनियमात कामगाराची व्याख्या इतकी रुंद होती की ठेकेदारामार्फत, मुख्य मालकाच्या माहितीने किंवा माहितीशिवाय, मोबदल्यासह किंवा मोबदल्याशिवाय काम करणाराही तिच्यात येई. यात पळवाट शोधायला जागाच ठेवलेली नव्हती.

मजकूर एवढा पक्का असूनही त्याचा सैल अर्थ टिकतो, कारण तो तपासायची वेळ क्वचितच येते. कारखाने अधिनियमाखाली जखमी कामगार स्वतः फौजदारी न्यायालयात जाऊ शकत नव्हता. निरीक्षकाकडून किंवा त्याच्या लेखी मंजुरीनेच तक्रार व्हावी लागे (कलम १०५), तीही गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत (कलम १०६). महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं. ७ जून २०२१ ला पुण्याजवळ मुळशी तालुक्यात उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागून १७ कामगार गेले, बहुतेक स्त्रिया. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाले. अशा वेळी मंत्री येतात, समित्या नेमल्या जातात. एका बोटासाठी कुणी येत नाही, आणि कायद्याचा रोजचा अर्थ ठरतो तो त्या एकेका बोटाच्या फायलीवर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने कारखाने अधिनियमाची जागा घेतली. विजेवर चालणारा कारखाना म्हणायला आता मूळ अधिनियमातल्या दहाऐवजी २० कामगार लागतात. दहा ते एकोणीस माणसांचं प्रेसशॉप ‘आस्थापना’ म्हणून संहितेत येतं, ‘कारखाना’ म्हणून नाही, आणि अनेक ठिकाणी हाच आकडा धरून हजेरीपट बेतले जातील अशी मला भीती वाटते. निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे. दंड मात्र वाढला : कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला किमान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. मालकाच्या कर्तव्यांत पहिलंच कर्तव्य असं की कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवायची. या पहिल्या वाक्यात ‘वाजवीपणे शक्य’ हे शब्द नाहीत. पुढे सुरक्षित वातावरणाबद्दलच्या वाक्यात ते आहेत. पुढच्या काही वर्षांत मालकांचे वकील या दोन वाक्यांतल्या अंतरावरच भांडणार आहेत, आणि कामगारांच्या बाजूनेही तितक्याच तयारीने कुणी तरी उभं राहायला हवं.

मला या संहितेत सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम १४. गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा धोका अगदी जवळ आला आहे असं कामगाराला वाजवी कारणाने वाटलं, तर तो मालकाला कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही. मालकाला धोका पटला तर त्याने ताबडतोब उपाय करायचा. पटला नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे लगेच पाठवायचं, आणि तिथला निर्णय अंतिम. जुन्या कायद्यात हा हक्क फक्त घातक प्रक्रियेच्या कारखान्यांतल्या कामगारांना होता, आता सगळ्या आस्थापनांतल्या कामगारांना आहे. रॅम पेडलशिवाय एकदा खाली आला, हे ज्या ऑपरेटरला सर्वांत आधी कळतं, त्याच्यासाठीच हे कलम आहे. तो मराठवाड्यातला असेल, बिहारचा असेल, ओडिशाचा असेल. कामावर लागून दोन महिने झाले असतील आणि नाव ठेकेदाराच्या वहीत असेल. कलम १४ चा मजकूर त्याच्या भाषेत, मशीनपासून हातभर अंतरावर, सेफ्टी कमिटीच्या आणि निरीक्षकाच्या फोन नंबरासह लावायला कारखानदाराला कुठल्या नव्या नियमाची किंवा परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपून पहिली शिफ्ट सुरू होईल, त्या दिवशीसुद्धा ते लावता येईल.